मधल्या पिढीचें यंत्र

आमच्या घरांत वर्षांतून एक-दोन वेळां तरी असा एकादा प्रश्न उपस्थित होतो कीं, त्याचा निकाल लावण्यास पंचांगहि उपयोगी पडत नाहीं आणि शेजारच्या वकिलांचा सल्लाहि उपयोगी पडत नाहीं. २०२४ सालच्या दिवाळीनंतर असाच एक प्रश्न निघाला, आणि तो होता मुलांच्या खेळाच्या यंत्राचा. गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या स्नेह्यांनीं आपल्या नातवाच्या अशाच हट्टासंबंधानें मला विचारिलें, तेव्हां वाटलें कीं, आमच्या घरची ही हकीकत इतर कुटुंबांसहि उपयोगी पडण्यासारखी आहे.

प्लेस्टेशन ५ नांवाचें यंत्र आमच्याकडे २०२२ सालच्या दिवाळीस आलें. थोरल्या व मधल्या अशा दोघां चिरंजिवांनीं तें निम्मेनिम्म पैसे घालून घेतलें. थोरल्याचा मुलगा श्रीधर, वय सोळा, आणि मधल्याची मुलगी वैदेही, वय अकरा, या दोघांची त्यावर समाईक मालकी. धाकटे चिरंजीव कॅलिफोर्नियांत असतात. ते डिसेंबरांत येणार असें कळतांच श्रीधरानें घरांत ठराव मांडला कीं, जुनें यंत्र विकावें, त्यांत आपल्या बक्षिसांचे पैसे घालावे, उरलेली रक्कम वडील मंडळींनीं द्यावी, आणि काकांनीं येतांना ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ घेऊन यावें.

“येथें मिळत नाहीं का?” मीं विचारिलें. तेव्हां कळलें कीं, ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं तें यंत्र निघालें खरें, पण हिंदुस्थानांत त्या वेळीं तें विक्रीस आलेंच नाहीं. त्याच्या अंगीं असलेलें नव्या धर्तीचें वाय-फाय सहा गिगाहर्ट्झच्या ज्या लहरी वापरतें, त्यांस आपल्याकडे तेव्हां मोकळीक नव्हती. एवढ्या एका कारणानें घरोघरच्या मुलांस आपापल्या परदेशस्थ काकामामांची आठवण झाली असेल !

ठरावाची वार्ता वैदेहीच्या कानीं गेली, तशी ती माझ्या खोलींत आली आणि दाराशींच उभी राहून म्हणाली, “आजोबा, त्या नव्या यंत्राला तबकडी घालायची जागाच नाहीं. मग माझ्या सगळ्या तबकड्यांचें काय होणार?” तिचें म्हणणें खरें होतें. प्रो यंत्राबरोबर तबकडीचा भाग येत नाहीं. तो निराळा विकत घेऊन जोडावा लागतो. वैदेहीचे सारे खेळ तबकड्यांवर. त्यांतले निम्मे मैत्रिणींशीं अदलाबदल करून आणलेले. घरांतल्या एकाची प्रगति ही दुसऱ्याची हानि होऊं पाहत होती, आणि न्यायाधीशाची जागा माझ्याकडे आली.

मीं पस्तीस वर्षें मुलांस गणित आणि संस्कृत शिकविलें. खेळांतलें मला फारसें कळत नाहीं. मात्र मापें कळतात. श्रीधरास म्हटलें, “तुझ्या यंत्राचीं मापें कागदावर मांड. आपण त्रैराशिक करूं.” तो उत्साहानें वही घेऊन बसला. पुढले तीन दिवस आम्ही दोघांनीं जें केलें, तें त्याच्या शाळेच्या अभ्यासांत मात्र धरलें जाणार नाहीं.

प्रथम ‘मधली पिढी’ म्हणजे काय तें पाहूं. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ४ व मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स वन हीं दोन्ही नोव्हेंबर २०१३ मध्यें निघालीं. त्यांच्या पुढच्या पिढीचीं यंत्रें नोव्हेंबर २०२० मध्यें आलीं. या सात वर्षांच्या मध्यावर दोन्ही कंपन्यांनीं आपल्या यंत्राची सुधारून वाढविलेली आवृत्ति काढली : सोनीनें नोव्हेंबर २०१६ मध्यें प्लेस्टेशन ४ प्रो, आणि मायक्रोसॉफ्टनें नोव्हेंबर २०१७ मध्यें एक्सबॉक्स वन एक्स. कारणें दोन. चौपट बारीक ठिपक्यांचे नवे टीव्ही, ज्यांस फोर-के म्हणतात, ते बाजारांत आले होते. आणि उत्तम चित्राचे हौशी खेळाडू पिढीच्या मध्यावर संगणकाकडे वळतात, त्यांस घरांत राखावयाचें होतें.

हा प्रकार अगदीं नवा नव्हे. सेगा कंपनीनें १९९४ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत आपल्या जुन्या यंत्रावर बसविण्याची ‘३२एक्स’ नांवाची जोड काढली. तिचे खेळ त्या जोडीवांचून चालत नसत. पण त्याच महिन्यांत जपानांत सेगाचेंच पुढच्या पिढीचें सॅटर्न यंत्र विक्रीस आलें ! घेणारा बुचकळ्यांत पडला, खेळ करणारे पांगले, आणि दोन वर्षांच्या आंत जोडीचा कारभार आटोपला. २०१६ सालीं सोनीनें मात्र नियम घातला कीं, प्रोसाठीं म्हणून केलेला प्रत्येक खेळ जुन्या प्लेस्टेशन ४ वरहि चालला पाहिजे. धाकट्यास नवें वस्त्र मिळालें, तरी थोरल्याचें पान पंक्तींतून उठवावयाचें नाहीं, असा हा करार होय. वाचकांनीं हा नियम ध्यानांत ठेवावा. पुढील सारा हिशेब त्यावर उभा आहे.

आतां शक्तीचें माप. चित्र काढणाऱ्या भागाची शक्ति ‘टेराफ्लॉप’मध्यें सांगतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदास दशांश चिन्हाचीं एक लक्ष कोटि गणितें. प्लेस्टेशन ४ ची शक्ति १.८४, प्रोची ४.२, म्हणजे सुमारें सव्वादोनपट. साध्या टीव्हीच्या चित्रांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के चित्रांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. तेव्हां मीं श्रीधरास विचारिलें, “काम चौपट, मजूर सव्वादोनपट, मग तेवढ्याच वेळांत काम पुरें कसें होणार?” तो हंसला व म्हणाला, “आजोबा, म्हणूनच तर तें अर्धेंच चित्र काढतें !”

त्याचें उत्तर अचूक होतें. प्रो यंत्र पुष्कळ खेळांत बुद्धिबळाच्या पटाची युक्ति वापरी. एका चित्रांत पटावरचीं काळीं घरें रंगवावयाचीं, पुढच्या चित्रांत पांढरीं, आणि रिकाम्या राहिलेल्या घरांत मागच्या चित्रावरून अदमासानें रंग भरावयाचा. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा २०१८ सालचा प्रसिद्ध खेळ घ्या. तो प्रोवर असा पट भरून दिसे. एक्सबॉक्स वन एक्सची शक्ति ६ टेराफ्लॉप, मूळच्या एक्सबॉक्स वनच्या १.३१ च्या साडेचारपटीहून अधिक. त्यामुळें तेथें तोच खेळ खरोखर पूर्ण फोर-के ठिपक्यांनीं निघे. आणि मूळच्या एक्सबॉक्स वनवर तो केवळ १५३६ गुणिले ८६४ ठिपक्यांचा ! चित्रांत एवढा फरक. परंतु एक गोष्ट चारही यंत्रांवर सारखीच राहिली : सेकंदास चित्रें तीस.

असें कां व्हावें? खेळाचें हलतें चित्र म्हणजे एकामागून एक काढलेलीं स्थिर चित्रें. सेकंदास तीस काढावयाचीं तर एका चित्रास ३३ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो. साठ काढावयाचीं तर त्याच्या निम्मा. या वेळांत केवळ रंग भरून भागत नाहीं. घोडा कोठें पोंचला, गोळी कोणास लागली, गर्दींतला प्रत्येक माणूस काय करील, हा विचार मुख्य प्रोसेसर करतो. आणि त्याचा वेग प्लेस्टेशन ४ मध्यें १.६ गिगाहर्ट्झ होता, तो प्रोमध्यें २.१ झाला, वाढ शेंकडा ३१. रंगाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली, पण नकाशा काढून देणारा कारकून जेमतेम सवाईनें चपळ झाला. मग नकाशाची वाट पाहत रंगारी बसून राहणारच. मधल्या पिढीच्या यंत्रांचें बहुतेक मर्म यांत आहे. त्यांत चित्र वाढतें. खेळ तोच राहतो. आणि जुन्या यंत्रावरहि चाललाच पाहिजे असा करार असल्यामुळें खेळ तोच राहणें प्राप्तहि आहे.

टेराफ्लॉपचा आंकडा एकटा पाहून कोणी फसूं नये, यासाठीं आणखी एक उदाहरण देतों. सहा टेराफ्लॉपचें एक्सबॉक्स वन एक्स ४९९ डॉलरांस विकलें जाई, आणि २०२० च्या जुलैंत कंपनीनें तें करणें बंद केलें. त्याच नोव्हेंबरांत एक्सबॉक्स सीरीज एस हें २९९ डॉलरांचें यंत्र आलें. त्याची शक्ति अवघी ४ टेराफ्लॉप. कागदावर पाहतां हा उतारच. पण त्याचा मुख्य प्रोसेसर पुढच्या पिढीचा आणि सांठवण अतिवेगवान. म्हणून नव्या पिढीचे खेळ त्यावर चालतात आणि वन एक्सवर मुळींच चालत नाहींत. गुणपत्रिकेंत एका विषयाचे गुण पाहून वरच्या वर्गांत कोणी चढत नाहीं.

येथवर श्रीधर माझ्याशीं सहमत होता. पण हीं मागच्या पिढीचीं यंत्रें. त्यास हवें होतें तें प्लेस्टेशन ५ प्रो. तेव्हां दुसऱ्या दिवशीं त्याचा हिशेब मांडला. मूळच्या प्लेस्टेशन ५ ची शक्ति १०.२८ टेराफ्लॉप, प्रोची १६.७. सोनीनें स्वतःच सांगितलेले आंकडे असे : चित्राचीं गणितें करणारे विभाग शेंकडा ६७ अधिक, स्मृतीचा वेग शेंकडा २८ अधिक, आणि प्रत्यक्ष चित्र काढण्याचा वेग शेंकडा ४५ पर्यंत अधिक. वाचक भगिनींस यांतलें कोडें चटकन् उमगेल. मुंजीच्या स्वयंपाकास आचारी दहाचे सतरा केले, पण कोठीघरांतून सामान आणून देणारीं माणसें दहाचीं तेराच केलीं, तर पानें दहाचीं सतरा होत नाहींत, चौदा-पंधराच होतात. मुख्य प्रोसेसर तर जुनाच आहे. खेळ करणाऱ्यांस वाटल्यास तो शेंकडा दहा वेगानें चालवितां येतो, इतकेंच.

मग या यंत्रांत विशेष काय? तें समजावून देण्यासाठीं श्रीधरानें मला टीव्हीसमोर बसविलें. ‘स्पायडर-मॅन २’ हा २०२३ सालचा खेळ त्यानें लावला. त्यांत दोन रीती आहेत. पहिल्या रीतींत चित्र अधिक रेखीव, काचेच्या इमारतींत रस्त्याचें प्रतिबिंबहि नीट दिसतें, पण चित्रें सेकंदास तीस. दुसऱ्या रीतींत चित्रें साठ, पण रेखीवपणा कमी. पहिल्यांदा मला कांहींच फरक कळला नाहीं. “आजोबा, कोळ्याकडे पाहूं नका, मागच्या खिडक्यांकडे पाहा,” तो म्हणाला. मग त्यानें तोच रस्ता दोनदां ओलांडून दाखविला. पहिल्या रीतींत खिडक्या किंचित् झटके देत सरकत होत्या. दुसऱ्या रीतींत त्या पाण्यासारख्या वाहत गेल्या. गेल्या वर्षीं मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांसहि तें स्पष्ट दिसलें. मला कबूल करावें लागलें कीं, मुलगा वेडा हट्ट धरून बसलेला नाहीं.

प्रोच्या रचनाकारांपैकीं प्रमुख मार्क सेर्नी यांनीं सप्टेंबर २०२४ मध्यें यंत्राचा परिचय करून देतांना सांगितलें होतें कीं, अशी निवड करण्याची वेळ आली असतां सुमारें तीन-चतुर्थांश वेळां खेळणारे दुसरी, म्हणजे वेगाची, रीत पसंत करतात. ही निवडच करावी लागूं नये, पहिलीचा रेखीवपणा आणि दुसरीचा वेग एकत्र मिळावा, हा प्रोचा उद्देश. त्यासाठीं त्यांत एक विद्या घातली आहे. यंत्र चित्र कमी ठिपक्यांचें काढतें, आणि शिकविलेली गणनपद्धति उरलेले ठिपके भरून काढते. मला यावरून जुन्या पोथ्या आठवल्या. वाळवीनें अक्षरें खाल्लेलीं असलीं, तरी छंद आणि अन्वय जाणणारा शास्त्री गळालेलें अक्षर सांगूं शकतो; कारण त्यानें तशीं हजारों पद्यें वाचलेलीं असतात. हें यंत्रहि तसेंच हजारों चित्रें पाहून शिकलेलें. मात्र शास्त्रीबुवा केव्हां केव्हां चुकतात, तसें हेंहि चुकतें; आरंभींच्या कांहीं खेळांत गवत व पानें उगीच थरथरतांना दिसत, अशा तक्रारी झाल्या.

तिसऱ्या दिवशीं मीं मोजपट्टी काढली. आमच्या दिवाणखान्यांतला टीव्ही ४३ इंची, साध्या प्रतीचा. त्याची रुंदी सुमारें ९५२ मिलिमीटर, आडवे ठिपके १९२०. म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटराचा. निरोगी डोळ्यास अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा दिसतो. पलंगापासून टीव्हीचें अंतर दहा फूट. तेथून जवळजवळ पाऊण ते एक मिलिमीटर एवढी वस्तु वेगळी दिसेल, त्याहून लहान दिसणार नाहीं. “म्हणजे, श्रीधर, पलंगावरून तुला आहेत तेच ठिपके दिसत नाहींत, चौपट बारीक कोठून दिसणार?” मीं विजयी मुद्रेनें म्हटलें.

“पण आजोबा, पलंगावर तुम्ही बसतां. आम्ही चार फुटांवर सतरंजीवर बसतों.”

मीं पुन्हा गणित केलें. चार फुटांवरून मिलिमीटराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी मोठी वस्तु वेगळी दिसते. म्हणजे त्याला ठिपके दिसत होतेच. आणि खिडक्यांचे झटके तर कोणत्याहि अंतरावरून दिसतात. “चार फुटांवर बसतोस हें तुझ्या आईनें ऐकूं नये,” एवढेंच मी म्हणालों.

त्या रात्रीं जेवतांना मीं निकाल सांगितला. यंत्राची किंमत ६९९.९९ डॉलर, वर तबकडीचा निराळा भाग. त्याचें सारें तेज पाहण्यास टीव्हीहि नवा हवा. शक्ति वाढते ती चित्राची, खेळ तेच. आणि जुन्या यंत्रावर एकहि खेळ बंद होत नाहीं. २०१६ सालीं सोनीनें आपला प्रो ३९९ डॉलरांस, म्हणजे मूळ यंत्र प्रथम निघालें त्याच किंमतीस दिला होता. या वेळीं मूळ ४९९ ला निघालें आणि प्रो सातशेंला. सबब पुढची पिढी येईपर्यंत थांबावें. निकाल मला निर्दोष वाटला.

श्रीधर कांहीं बोलला नाहीं. बोलला तो त्याचा बाप. ताटावरची नजर न उचलतां तो म्हणाला, “बाबा, सत्त्याण्णव सालींहि गणित बरोबरच होतें.”

पंक्तींत कोणास कांहीं कळलें नाहीं, मला कळलें. १९९७ सालीं हा थोरला पंधरा वर्षांचा होता आणि संगणक मागत होता. मीं तेव्हांहि कागद घेऊन बसलों होतों. ४८६ जुना झाला, पेंटियम महाग आहे, तोहि स्वस्त होईल, त्याहून चांगला येईल, थांबावें. आम्ही चार वर्षें थांबलों. दर वर्षीं हिशेब खरा ठरे, आणि दर वर्षीं पोर दुसऱ्यांच्या घरीं, दुसऱ्यांच्या वेळेस, दुसऱ्यांच्या यंत्रावर शिके. एवढ्या वर्षांत त्यानें मला एका शब्दानें बोल लावला नव्हता. उत्तम वस्तु पुढें येणारच आहे, या न्यायानें माणसानें जन्मभर कांहींच घेऊं नये, असा सिद्धान्त निघतो. आणि मुलाचें पंधरावें वर्ष मात्र पुढच्या पिढींत परत येत नाहीं.

मीं त्या रात्रीं हिशेब पुन्हा तपासला. चूक आंकड्यांत नव्हती, प्रश्नांत होती. १९९७ सालीं घरांत यंत्र नव्हतेंच. थांबण्याचा अर्थ रिकामे हात असा होता. आज घरांत यंत्र आहे, आणि त्यावर सारे खेळ चालतात. थांबण्याचा अर्थ खिडक्या थोड्या झटक्यानें सरकणें, एवढाच. या दोन थांबण्यांस मीं एकच नांव देत होतों.

सकाळीं दोघां बापलेकांस बोलावून तें सांगितलें. थोरल्याची क्षमा मागावी असें मनांत होतें. तेवढें धैर्य झालें नाहीं, परंतु त्यास तें उमगलें असावें, कारण त्यानें चहाचा दुसरा पेला स्वतः आणून दिला. श्रीधरास म्हटलें, “तुझे बक्षिसांचे पैसे तुझे आहेत. त्यांतून तुला नवें यंत्र घ्यावयाचें असेल तर मी आड येणार नाहीं. पण जुनें विकावयाचें नाहीं. तें निम्में वैदेहीचें आहे.” ज्या कराराचें मीं वर कौतुक केलें, तोच मीं घरांत लागू केला. नव्याच्या येण्यानें जुन्याचा खेळ बंद पडूं नये.

जुनें विकल्यावांचून पैसे पुरत नाहींत, हें श्रीधरास स्वतःच दोन मिनिटांत कळलें. दोन दिवस तो रुसून होता. मग त्यानें काकांस फोन केला कीं, यंत्र आणूं नका. पुढें मार्चांत त्याचे पैसे, बापाचे थोडे आणि, वाचकांपासून काय लपवूं, माझ्या पेन्शनींतले थोडे, असे मिळून दिवाणखान्यांत फोर-के टीव्ही आला. मूळचें प्लेस्टेशन ५ हि त्यावर पूर्वींपेक्षां पुष्कळ रेखीव दिसतें. शिवाय त्यावर माझे क्रिकेटचे सामने होतात, हा लाभ हिशेबांत कोणी धरला नव्हता. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेंत प्रोची किंमत आणखी पन्नास डॉलरांनीं वाढली, तेव्हां श्रीधरानें ती बातमी मला मुद्दाम आणून दाखविली.

माझ्या स्नेह्यांस मीं लिहिलें तें असें : नातवास ‘नको’ म्हणण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं सतरंजीवर बसून त्याला काय दिसतें तें पाहा. मग तीन गोष्टी विचारा. घरांत आज यंत्र आहे कीं नाहीं? नसेल, तर साधें घ्या आणि फार थांबूं नका. असेल, तर घरचा टीव्ही नव्या चित्रास पुरा पडतो का? आणि तिसरें, जुनें विकल्यानें घरांतल्या दुसऱ्या कोणाचा खेळ मोडतो का? या तिन्हींचीं उत्तरें नीट मिळालीं आणि पैसेहि त्याचे असले, तर मधल्या पिढीचें यंत्र खुशाल घेऊं द्यावें. त्याची शक्ति खोटी नाहीं. मीं ती स्वतः पाहिली आहे.

वैदेहीच्या तबकड्या अजून टीव्हीखालच्या फळीवर आहेत. परवां तिनें त्यांतली एक माझ्या हातीं देऊन सांगितलें, “आजोबा, ही सोपी आहे.” रविवारपासून माझी शिकवणी चालू होणार आहे.